‘गिफ्ट लिहून टाक’: कोल्हापुरी चपलेचं पार्सल परदेशी जाताना

“दादा, गिफ्ट लिहून टाक. काही होत नाही.”

कुरिअरच्या काउंटरवर हे वाक्य मी कितीदा तरी ऐकलंय. कापशी प्रकारच्या कोल्हापुरी चपलेचे बारा जोड न्यू जर्सीच्या गिऱ्हाइकाला निघालेले असतात, पैसे आधीच खात्यात आलेले असतात आणि फॉर्मवर ‘पाठवण्याचं कारण’ या रकान्यापाशी पेन थांबतो. मग मागून कुणीतरी, बहुतेक वेळा घरचंच माणूस, हा सल्ला देतं. त्याच्या मनात खोट नसते. विक्री लिहिली की कर लागेल, चौकशी होईल, पार्सल अडकेल, अशी त्याची खरोखरची समजूत असते.

मी कोल्हापुरात छोट्या उत्पादकांना निर्यातीची कागदपत्रं करून देते. त्या एका शब्दापायी कारागिराचं काय काय जातं, ते जवळून पाहिलंय, म्हणून हे लिहितेय. उदाहरण कोल्हापुरी चपलेचं घेतलंय. पैठणी, हिमरू शाल, सावंतवाडीची लाकडी खेळणी, मिरजेचा तानपुरा यांनाही बरेचसे नियम हेच लागतात.

परदेशी जाणारं पार्सल तीन वह्यांत लिहिलं जातं असं समजा. कस्टम्स माल लिहून ठेवतं: काय गेलं, किती, केवढ्याचं. बँक पैसा लिहिते: कुणाकडून आला, कशाबद्दल आला. कर खातं तुमचं बिल लिहितं. पूर्वी या वह्या तीन वेगळ्या कपाटांत असायच्या, आता संगणकावर त्या एकमेकींशी ताडता येतात. कस्टम्सच्या वहीत ‘भेटवस्तू, १५ डॉलर’, बँकेच्या वहीत ‘७२० डॉलर जमा’ आणि जीएसटीच्या वहीत कोरं पान, असं झालं की घाम गाळून धंदा करणारा माणूसही कागदावर संशयित दिसायला लागतो. सगळे नियम पाठ करायची गरज नाही. तिन्ही वह्यांत एकच खरी गोष्ट उतरली पाहिजे, हे मात्र पक्कं धरून चाला. पुढचं सगळं त्याच्याच भोवती आहे.

निर्यात कशाला म्हणायचं

अमेरिकेहून सुट्टीला आलेल्या ताईंनी कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये, म्हणजे चपलांच्या बाजारात, दुकानात उभं राहून चार जोड घेतले आणि परदेशी कार्डाने पैसे दिले, तर ती निर्यात होत नाही. माल इथेच दिला, विक्री इथेच झाली, म्हणून नेहमीसारखा जीएसटी लागतो. निर्यात म्हणजे तुमच्या नावाने माल देशाबाहेर जाणं आणि तसा कस्टम्सचा कागद असणं.

“मावशी जातेच आहे, तिच्या बॅगेत वीस जोड टाकू” हाही एक आवडता मार्ग आहे. मावशीच्या स्वतःच्या पायातला जोड आणि दोन-चार भेटी ठीक. विकायचे वीस जोड हा व्यापारी माल होतो. तिथल्या विमानतळावर तो तसाच जाहीर करावा लागतो आणि उत्तरं द्यायची वेळ मावशीवर येते. तुमच्या हातात तर काहीच कागद राहत नाही.

एक मधली वाट लोकांना माहीत नसते. अमेरिकेतल्या मराठी माणसांच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनासारख्या ठिकाणी किंवा परदेशातल्या एखाद्या प्रदर्शनात स्टॉल लावायचा असेल, तर माल नेताना विक्री झालेली नसते. अशा वेळी डिलिव्हरी चलनावर, म्हणजे विक्रीच्या बिलाऐवजी माल नेल्याच्या कागदावर, माल नेता येतो आणि सहा महिन्यांत जो विकला जाईल त्याचंच बिल करायचं असतं. सहा महिन्यांत विकलाही नाही, परतही आणला नाही, तर तो विकला असं धरलं जातं.

पहिला क्रमांक आणि मालाचा क्रमांक

सगळ्यात आधी आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तो मिळतो, फी ५०० रुपये. तुमचा पॅन हाच कोड असतो, त्यामुळे लक्षात ठेवायलाही वेगळं काही नाही. या कामाचे कुणी हजारो रुपये मागत असेल तर आधी स्वतः एक संध्याकाळ बसून अर्ज भरून बघा. दर वर्षी एप्रिल ते जून या काळात मात्र माहिती अद्ययावत असल्याचं ऑनलाइन कळवावं लागतं, काहीही बदललेलं नसलं तरी. हे राहून जातं, कोड बंद पडतो, आणि ते कळतं नेमकं दिवाळीच्या पार्सलांच्या वेळी.

दुसरा क्रमांक मालाचा: एचएस कोड. त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, आणि तिकडे शुल्क किती लागणार हे त्यावरून ठरतं. चामडी पादत्राणांच्या ६४०३ या शीर्षकाखाली ६४०३२० असा एक उपक्रमांक आहे. त्याचं वर्णन साधारण असं: बाहेरचा तळ चामड्याचा, आणि वर पायावरून आडवा जाणारा व अंगठ्याभोवतीचा चामडी पट्टा असलेलं पादत्राण. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. जगाच्या दरपत्रकात आपल्या चपलेची आकृतीच कुणी शब्दांत काढून ठेवलीय!

हे वर्णन काटेकोर आहे, हे मात्र विसरू नका. पावसात घसरू नये म्हणून आपण हल्ली खालून रबरी तळ चिकटवतो. तो चिकटवला की बाहेरचा तळ चामड्याचा राहिला नाही आणि क्रमांक बदलला. वरचा पट्टा कापडी केला तर ६४०४ मध्ये गेलात. मालाचं वर्णन लिहिताना ‘हँडिक्राफ्ट’ किंवा ‘शूज’ असं मोघम लिहू नका. ‘म्हशीच्या चामड्याच्या हाताने शिवलेल्या चपला, तळ चामड्याचा, बारा जोड’ असं लिहिलं की अधिकाऱ्याला खोका उघडायचं कारण उरत नाही.

जीएसटी: माफ आणि शून्य यांतला फरक

गैरसमज सगळ्यात जास्त इथे आहेत, म्हणून जरा सावकाश.

निर्यातीवर जीएसटी ‘माफ’ नसतो, ‘शून्य दराचा’ असतो. ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं. माल करमाफ असेल तर विक्रीवर कर नाही, पण तो बनवताना कातड्यावर, खोक्यावर, कुरिअरवर तुम्ही जो कर भरलात तो तुमच्याच अंगावर पडतो. शून्य दरात विक्रीवरही कर नाही आणि आधी भरलेला करही परत मागता येतो. आपला कर दुसऱ्या देशाच्या गिऱ्हाइकावर लादायचा नाही, असा त्यामागचा विचार आहे.

समजा एका महिन्यात ६०,००० रुपयांच्या चपला परदेशी गेल्या आणि दुसरी काही विक्री नाही. कातडं २०,००० रुपयांचं घेतलं, त्यावर ५ टक्क्यांनी १,००० रुपये जीएसटी भरला. कुरिअरचे १५,००० झाले, त्यावर १८ टक्क्यांनी २,७०० रुपये. हे ३,७०० रुपये तुमचे आहेत, सरकारकडून परत यायचे आहेत. ‘गिफ्ट’ लिहिलं की निर्यात झाल्याचा पुरावाच राहत नाही आणि हे पैसे बुडतात. कर वाचवण्यासाठी लिहिलेला शब्द कर भरायला लावतो तो असा.

परतावा घेण्याच्या दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेत एलयूटी नावाचं हमीपत्र आधी भरायचं, की बिलावर कर न लावता माल पाठवता येतो आणि साचलेला कर नंतर अर्ज करून मागायचा. हमीपत्राला पैसे लागत नाहीत, ते जीएसटीच्या पोर्टलवरच भरतात, पण दर आर्थिक वर्षाला नवं भरावं लागतं. त्यावर बिल केल्यापासून तीन महिन्यांत माल देशाबाहेर गेला पाहिजे, नाहीतर व्याजासह कर भरावा लागतो. दुसऱ्या वाटेत बिलावर आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीवरचा जीएसटी) भरून टाकायचा आणि नंतर तो परत घ्यायचा. छोट्या कारागिराला मी पहिलीच वाट सांगते, कारण दुसरीत आधी खिशातले पैसे अडकतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर ५ टक्के आणि त्यापुढच्यावर १८ टक्के दर आहे. परदेशी भाव लावल्यावर आपला जोड सहज त्या वरच्या दरात जातो, आणि अडकणारी रक्कमही तेवढीच फुगते.

“पण माझी उलाढाल २० लाखांच्या आत आहे, मला नोंदणी कशाला?” परराज्यात माल विकणाऱ्याला एरवी पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची असते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना २०१८च्या अधिसूचनेने यातून २० लाखांपर्यंत सूट दिली, आणि हस्तकला कशाला म्हणायचं तेही त्यात सांगितलं: मुख्यतः हाताने बनलेली, अवजार किंवा यंत्राची थोडी मदत घेतली तरी चालेल, पण नक्षी-कलाकुसर असलेली आणि यंत्रावरच्या मालाहून स्पष्ट वेगळी दिसणारी वस्तू. हैदराबादला माल धाडणाऱ्याला ही सूट उपयोगी आहे. परदेशी नियमित पाठवणार असाल तर माझा आग्रह नोंदणी कराच असा आहे. हमीपत्र आणि परतावा या दोन्ही गोष्टी नोंदणी असलेल्यालाच मिळतात. आणि कंपोझिशन योजनेत, म्हणजे उलाढालीवर ठोक दराने कर भरायच्या छोट्या धंद्यांच्या योजनेत, असाल तर थांबा. त्या योजनेत राहून राज्याबाहेर माल विकता येत नाही, आणि निर्यात कायद्याने आंतरराज्य विक्रीतच मोडते. आधी नियमित नोंदणीत या, मग पार्सल बांधा.

काउंटरवर फॉर्म कोणता भरला जातो हेही बघा. कुरिअरने पाठवताना भेटवस्तू आणि नमुन्यांसाठी सीएसबी (कुरिअर शिपिंग बिल) चार, विक्रीच्या मालासाठी सीएसबी पाच. काउंटरवरचा मुलगा घाईत चार भरून मोकळा होतो. त्याला ‘पाच’ असं स्पष्ट सांगा आणि प्रत मागून घ्या. टपालाने पाठवायचं असेल तर डाकघर निर्यात केंद्रातून पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट, म्हणजे टपालाच्या निर्यातीचा कस्टम्सचा फॉर्म, ऑनलाइन भरता येतो. तालुक्याच्या गावातल्या कारागिराला ही मोठी सोय आहे. शहरात फेरी मारून दिवस घालवायला नको.

पैसा कोणत्या दाराने आला

परदेशातला पैसा धंद्याचा म्हणून बँकेत आला पाहिजे. ज्या मनी ट्रान्सफर सेवांवरून मुलगा आईला घरखर्चाला पैसे पाठवतो, त्या सेवा वैयक्तिक रकमांसाठी आहेत. मालाचे पैसे त्यांतून घ्यायचे नसतात. बँकेचं ट्रान्सफर किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेली पेमेंट सेवा वापरा. बँक उद्देशाचा कोड विचारेल. तिथे ‘कुटुंबासाठी’ असं न सांगता ‘मालाच्या निर्यातीबद्दल’ सांगा. मावशीच्या खात्यात जमा करून मावशीने मग पाठवायचे, हाही गुंता टाळा. गिऱ्हाईक एक आणि पैसे पाठवणारा दुसरा, असं झालं की वह्या जुळवणं अवघड जातं.

पैसा ठरावीक मुदतीत देशात आणणं परकीय चलन कायद्याने बंधनकारक आहे. ही मुदत नऊ महिन्यांची होती, रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये ती पंधरा महिन्यांची केली. आपल्यासारख्यांना पैसे बहुधा आधीच मिळतात. तरी बँकेच्या प्रणालीत तुमचं निर्यातीचं बिल उघडं राहिलेलं नाही ना, हे वर्षातून दोनदा शाखेत विचारा.

आयकराबद्दल थोडक्यात. ‘निर्यातीच्या नफ्यावर कर नसतो’ असं जुनी माणसं अजून सांगतात. कलम ८०एचएचसीची ती सवलत एकेकाळी खरीच होती, पण २००४-०५ या आर्थिक वर्षापासून ती उरलेली नाही. आता निर्यातीचं उत्पन्न तुमच्या इतर उत्पन्नासारखंच धरतात. छोट्या धंद्याला अनुमानित उत्पन्नाची सोय मात्र आहे: बँकेमार्फत आलेल्या उलाढालीच्या ६ टक्के नफा धरून विवरणपत्र भरता येतं. वर्षाला दहा लाखांचा माल गेला तर ६०,००० रुपये उत्पन्न. आणि भारत-अमेरिका करारानुसार तिकडे तुमचं दुकान, कचेरी असं काही कायमचं ठिकाण नसेल, तर तुमच्या धंद्याच्या नफ्यावर अमेरिका आयकर लावत नाही.

तिकडच्या दारात

आयकर नाही म्हणजे तिकडे काहीच नाही, असं नव्हे. माल देशात शिरताना सीमाशुल्क लागतं आणि काही ठिकाणी विक्रीकरही लागतो.

अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल शुल्काशिवाय जायचं. आपला सगळा घरगुती व्यापार या एका सवलतीवर उभा होता, हे ती गेल्यावर कळलं. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सगळ्याच देशांच्या मालासाठी बंद झाली. त्याच महिन्यात भारतीय मालावर जादा शुल्क लागलं आणि आपल्या टपाल खात्यानेही अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. ऑक्टोबरच्या मध्याला सेवा परत सुरू झाली ती बुकिंगच्या वेळीच शुल्क भरून घेण्याच्या पद्धतीने. तेव्हापासून दराच्या बातम्या सतत बदलत राहिल्या आहेत. भाव कळवण्याआधी त्या दिवशीचा दर कुरिअरवाल्याकडून लेखी घ्या, आणि शुल्क कोण भरणार हे गिऱ्हाइकाशी बिलाआधीच ठरवा. दारात पोस्टमन पैसे मागतो तेव्हा गिऱ्हाईक पार्सल नाकारतं. दोष चपलेचा नसतो, पण नाव कारागिराचं खराब होतं.

ब्रिटनची गोष्ट वेगळी आणि जरा अवघड आहे. १३५ पौंडांपर्यंतच्या मालावर तिथला २० टक्के व्हॅट विक्रीच्या वेळीच आकारायचा असतो. ऑनलाइन बाजारपेठेवर विकलंत तर ती कंपनीच वसूल करून भरते. पण इन्स्टाग्रामवर थेट लंडनच्या गिऱ्हाइकाला विकलंत तर ती जबाबदारी तुमच्यावर येते आणि त्यासाठी तिथली व्हॅट नोंदणी लागते. चार जोडांसाठी कुणी ती करणार नाही, म्हणून ब्रिटनसाठी मी सरळ बाजारपेठेवरून विका असं सांगते. युरोपीय संघात १५० युरोच्या आतल्या पार्सलांना व्हॅट होता, सीमाशुल्क नव्हतं. तिथेही १ जुलै २०२६ पासून ३ युरोचं ठोक शुल्क लावायचं ठरलं आहे.

संयुक्त अरब अमिरातीशी १ मे २०२२ पासून आणि ऑस्ट्रेलियाशी २९ डिसेंबर २०२२ पासून आपले व्यापार करार लागू आहेत. माल भारतातच बनला, याचं उद्गम प्रमाणपत्र सोबत असेल तर तिकडच्या घाऊक खरेदीदाराचं शुल्क कमी होतं किंवा टळतं. एकेक जोड पाठवणाऱ्याला याचा फार उपयोग नाही. दुकानाला दोनशे जोड पाठवणाऱ्याने मात्र सोडू नये.

माल कशाचा आहे

युरोपात त्वचेला लागणाऱ्या चामड्यात क्रोमियम सहाचं (क्रोमियमच्या घातक रूपाचं) प्रमाण किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या खाली असावं लागतं. अस्सल कोल्हापुरीचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं, त्यात क्रोमियमचं मीठ लागतच नाही. आपल्या आजोबांची पद्धत आज परदेशी बाजारात आपली सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. स्वस्त म्हणून क्रोम कातड्याचे, म्हणजे क्रोमियमच्या मिठाने कमावलेल्या कातड्याचे, पट्टे वापरलेत तर ती हातची जाते. कातडं कुठून घेतलं ते बिल जपून ठेवा आणि मोठी ऑर्डर असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल घ्या. बुरशी येऊ नये म्हणून खोक्यात पुड्या टाकतो, त्याही साध्या सिलिका जेलच्याच घ्या. डायमिथाइल फ्युमरेट हे बुरशीनाशक असलेला माल युरोपात चालत नाही.

मिरजेच्या तंतुवाद्यांची अडचण आणखी नाजूक. तानपुऱ्याची घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, पूर्वी हरणाच्या शिंगाची करत. चितळ-सांबराची गळून पडलेली शिंगंसुद्धा, आणि त्यांच्या वस्तूही, भारतातून निर्यात करायला बंदी आहे. जुनं वाद्य दुरुस्त करून पाठवतानाही घोडी कशाची आहे ते आधी बघा. मोरपिसांनाही बंदीच आहे. शिसवी लाकूड आंतरराष्ट्रीय वन्यजीव कराराच्या यादीत आहे, तेव्हा लाकूड कोणतं ते बिलावर खरं लिहा. सावंतवाडीची खेळणी लहान मुलांसाठी म्हणून अमेरिकेला जाणार असतील तर रंगातल्या शिशाची चाचणी आणि प्रमाणपत्र लागतं. आणि पितळेची मुद्दाम जुनाट केलेली मूर्ती पुरातन वाटली तर कस्टम्स अडवू शकतं. ती पुरातन नसल्याचा पुरातत्त्व खात्याचा दाखला आधी घेतलेला बरा.

नावाचा हक्क

जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीच्या, कोल्हापुरीसारख्याच चपला दिसल्या आणि आपल्याकडे संतापाची लाट आली. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. पण ते भारताच्या कायद्याखालचं आहे. इटलीत किंवा अमेरिकेत ते आपोआप लागू होत नाही. इथे मात्र त्याचा उपयोग करून घ्या. मानांकन आहे म्हणून प्रत्येकाने ते चिन्ह लावायचं नसतं, आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. २०२०च्या दुरुस्तीने त्याची फी १० रुपये झाली. दहा रुपयांत मिळणारा हा कागद अजून कितीतरी घरांत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

परत आलेला जोड

शेवटी, ज्याचा विचार पाठवताना कुणीच करत नाही ते. माप चुकलं, अंगठा घट्ट झाला, गिऱ्हाइकाने जोड परत धाडला. आता तो भारतात ‘आयात’ होतोय, आणि पादत्राणांवर आपलं आयात शुल्क जबर आहे. आपलाच माल तीन वर्षांच्या आत परत आला तर हे शुल्क लागत नाही. पाठवताना जो कर वाचला किंवा परत मिळाला, तेवढाच भरायचा असतो. त्यासाठी अधिकारी जातानाचं शिपिंग बिल मागतो आणि त्यावरचं वर्णन हातातल्या जोडाशी ताडून बघतो. त्या कागदावर ‘चामडी चपला, तळ चामड्याचा, मापं अमुक’ असं असेल तर जोड घरी येतो, अंगठा सैल करून पुन्हा रवाना होतो. ‘गिफ्ट’ एवढंच लिहिलेलं असेल तर तो जोड आपला आहे हे सिद्ध करायला हातात काही नसतं, आणि कोल्हापूरच्या सुभाषनगरात शिवलेली चप्पल परदेशी म्हणून शुल्क भरून सोडवावी लागते.